हिच्या सीटीत ४ मिमीचा ठिपका आलाय, तीन महिने थांबायला सांगितलंय. हे दिवस तुम्ही कसे काढलेत?

कॅशकाउंटर_इंदूर (शनिवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. दीड वर्ष या फोरमवर नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा. मी इंदूरचा, लोकमान्यनगरात घर. बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅशवर. कॅशवाल्याला एक खोड लागते : संध्याकाळी रुपयान् रुपया जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. रिटायर झालो तरी ती खोड गेली नाही आणि आता तीच मला खातेय.

हिला २०२३ च्या मार्चमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. उजवी बाजू, तिसरी स्टेज. ऑपरेशन इथेच झालं. पुढच्या उपचारासाठी अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन टाटात एकदा विचारून आलो, त्यांनीही तेच सांगितलं : केपॉक्स नावाच्या केमोच्या आठ सायकली. दर तीन आठवड्यांनी ऑक्झॅलिप्लॅटिनची सलाइन आणि मग चौदा दिवस केपसायटाबिनच्या गोळ्या. त्या सहा महिन्यांत आमच्या घरात फ्रिजचं दार फक्त मी उघडायचो, कारण गार हवा लागली तरी हिच्या बोटांना करंट बसायचा. तळपायाच्या मुंग्या आजही आहेत. चालताना चप्पल निसटली तर चार पावलं पुढे गेल्यावर कळतं.

नोव्हेंबरात ते संपलं आणि फॉलोअप सुरू झाला. दर तीन महिन्यांनी रक्तातलं सीईए (कॅन्सर परत येतोय का याचा अंदाज देणारा आकडा), सहा महिन्यांनी सीटी, वर्षाने कोलोनोस्कोपी. मी एक लांब वही आखली. तारीख, सीईए, वजन, हिमोग्लोबिन. सीईए २.१, २.४, १.९, २.६. प्रत्येक आकड्याखाली लाल शाईने बरोबरची खूण. ही हसायची, म्हणायची, माझं पासबुक भरताय का?

गेल्या शुक्रवारी चौथी सीटी झाली. रिपोर्ट शनिवारी रात्री पावणेदहाला व्हॉट्सअॅपवर आला. ही टीव्ही बघत होती. मी बाथरूममध्ये जाऊन उघडला. लिव्हर ठीक, आतड्याचा जोड ठीक, गाठी नाहीत. आणि सगळ्यात खाली, इम्प्रेशनमध्ये : उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ४ मिमीचा नॉड्यूल, आधीच्या रिपोर्टमध्ये उल्लेख नाही, 'इंडिटरमिनेट', म्हणजे कशाचा ते सांगता येत नाही. बाहेर ही विचारतेय, पोट बिघडलंय का?

रात्री दोनपर्यंत गूगल केलं. काय वाचलं ते इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहेच.

मंगळवारी पेन्शनच्या कामाला जातोय सांगून एकटाच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्क्रीनवर पाहिलं, म्हणाले, "तीन महिन्यांनी परत सीटी करू. आत्ता काही करायचं नाही." बायोप्सी? "इतक्या लहानाला सुई लागत नाही." पेट स्कॅन, तो गाठ चमकून दाखवतो तो? "त्यात दिसणार नाही." बाहेर पडताना म्हणाले, पुढच्या वेळी मॅडमना घेऊन या.

हिला अजून सांगितलेलं नाही. मशीन बिघडलंय, रिपोर्टला वेळ लागतोय अशी थाप मारलीय. आज आठवडा झाला. श्रावणात हिच्या भजनी मंडळाची महेश्वर-ओंकारेश्वरची बस जाणार आहे, तिथून हिचं नाव परस्पर काढून घेतलं, गर्दीत इन्फेक्शन नको म्हणून.

उद्या आषाढी. मघाशी ही साबुदाणा भिजत घालत होती. ती आत गेल्यावर मी डब्यातला एक कोरडा दाणा घेऊन पट्टीवर ठेवला. बरोबर चार मिलिमीटर. तेव्हापासून त्याच्यासमोर बसलोय.

सांगू की नको? आणि हे तीन महिने काढायचे कसे? ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांनीच लिहा, कृपया.

सुदामानगरची_काकू (रविवार, सकाळी ६:५५)

भाऊ, आधी बाथरूममध्ये रिपोर्ट उघडणं बंद करा. मी मोरीत उघडायचे, नळ सोडून. त्यामुळे हक्काने सांगते.

आमच्या ह्यांना गालाच्या आतला झाला होता. गुटखा, दुसरं काय. जबडा कापला, छातीचं मांस लावलं, वर शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, तीस सिटिंगा. दोन वर्षांनी पेट केला तर मानेत दुसऱ्या बाजूला एक गाठ चमकली. त्या पेटमध्ये इंजेक्शन देऊन तासभर गप्प बसवतात, बोलायचंसुद्धा नाही. आमचे हे जन्मात तासभर गप्प बसले असतील तर तेवढेच. घरी आल्यावर नातवाला दिवसभर जवळ येऊ द्यायचं नव्हतं, तो दाराबाहेर उभा राहून आजोबांना जीभ दाखवत होता.

मग सुई टाकून तपासणी, आणि निकालाला अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत मी ह्यांच्या कपाटातले शर्ट कोणाला द्यायचे ते मनात ठरवून टाकलं होतं. लाज वाटते, पण खरं आहे. निकाल आला टीबीचा! पेटमध्ये कॅन्सरच चमकतो असं नाही, टीबी चमकतो, साधं इन्फेक्शन चमकतं, सुजलेली जागाही चमकते. टीबी झाला म्हणून पेढे वाटणारी अख्ख्या इंदुरात मीच असेन. सहा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यातून फुकट.

तेव्हापासून आमच्या घरी रिपोर्ट सकाळी दहाला उघडतो. चहा झालेला असतो, दोघं टेबलापाशी, आणि दवाखान्यात फोन उचलायला कोणीतरी असतं. रात्री आला तर फोन पालथा. दुसरं म्हणजे शुक्रवारी स्कॅन करायचा नाही. सोमवारी करायचा आणि डॉक्टरांची वेळ मंगळवार-बुधवारची आधीच घेऊन ठेवायची. तुमचे ते शनिवार ते मंगळवार कोणी परत देणार आहे का?

बसमधून नाव काढलंत ते मात्र वाईट केलंत. त्याबद्दल वहिनीच बोलतील.

आडवा_उभा_छेद (रविवार, सकाळी ९:२०)

मी देवासला असतो. डॉक्टर नाही, सीटीचा टेक्निशियन. १९ वर्षं काचेच्या या बाजूला बसलोय. इलाजाबद्दल बोलणार नाही, मापाबद्दल बोलतो, कारण तुम्ही कॅशवाले आहात.

तुमच्या रिपोर्टमध्ये 'आधीच्या रिपोर्टमध्ये उल्लेख नाही' असं आहे. 'आधी नव्हता' असं नाही. या दोन वाक्यांत फरक आहे. जुना स्कॅन ५ मिमीच्या जाड स्लाइसने वाचला असेल तर ४ मिमीचा ठिपका त्यात विरघळून जातो. ब्रेडचा जाड तुकडा कापलात तर आतला मनुका दिसेलच असं नाही, तसं. आता बहुतेक ठिकाणी १ मिमीच्या स्लाइस काढतात, त्यामुळे पूर्वी न दिसणारी पिल्लं दिसायला लागलीत. शिवाय उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग म्हणजे डायफ्रामच्या, छाती-पोटामधल्या पडद्याच्या, अगदी वर. पेशंटने श्वास अर्धाच धरला की तिथलं चित्र हलतं.

तेव्हा आधीच्या तीनही स्कॅनच्या सीड्या शोधा. फिल्म नाही, रिपोर्ट नाही, सीडी. त्या घेऊन रेडिओलॉजिस्टकडे जा आणि नुसतं एवढंच म्हणा : या जागेवर जुन्यात बघाल का? बरेचदा रेडिओलॉजिस्टपुढे फक्त जुना रिपोर्ट असतो, चित्रं नसतात, कारण कोणी आणून दिलेलीच नसतात.

तीन महिने का? ४ चा घन ६४, ५ चा घन १२५. म्हणजे एकच मिलिमीटर वाढला तरी आतला माल जवळपास दुप्पट झालेला असतो. पण मोजण्यातच मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं, मी मोजला तर ४ आणि शेजारच्याने मोजला तर ५. म्हणून आठ दिवसांनी परत मोजून काही कळत नाही. वाढ मापाच्या चुकीपेक्षा मोठी व्हायला वेळ द्यावा लागतो. पेटचंही तेच, आठ-दहा मिलिमीटरच्या खालचं त्याला धड पकडता येत नाही. 'काही दिसलं नाही' असा पेट आला तरी तुमची शंका फिटली नसती. पुढची सीटी शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा.

आपल्याकडे फुप्फुसात जुन्या इन्फेक्शनचे व्रण खूप जणांच्यात सापडतात. मी रोज बघतो. पण तुमचा ठिपका त्यातला आहे असं मी म्हणत नाही, म्हणूही शकत नाही.

निसर्गमित्र (रविवार, सकाळी १०:०५)

गव्हांकुराचा रस आणि पपईच्या पानांचा काढा रोज अनशापोटी सुरू करा. स्कॅनच्या किरणांनीच अर्धे आजार होतात. सविस्तर माहितीसाठी मेसेज करा.

सुदामानगरची_काकू (रविवार, सकाळी १०:११)

निसर्गमित्र, माझ्या ह्यांच्या वेळी पण तुम्हीच आला होतात. भाऊ, काहीही पाजायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि मेसेज करू नका.

बडोद्याची_लेक (रविवार, दुपारी १:३०)

काका, मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी मुलगी आहे.

बाबांनी आईपासून एक रिपोर्ट पाच आठवडे लपवला होता. २०१९ ची गोष्ट. आईला ब्रेस्टचा होता. लपवला म्हणजे काय, तर बाबा अचानक दूध आणायला जायला लागले. गॅसपाशी उभं राहू देईनात. दांडिया बाजारातून तिच्या आवडीची वडी आणली, एकदा सोडून तीनदा. आईला रिपोर्ट माहीत नव्हता, पण रिपोर्ट आहे हे कळलं होतं. आणि बाबा बोलत नाहीत म्हणजे ते फारच वाईट असणार, असं तिने धरलं. प्रत्यक्षात त्या रिपोर्टमध्ये होतं त्याच्या कितीतरी पट वाईट ती पाच आठवडे मनात घेऊन फिरत होती. हे तिने मला नंतर सांगितलं, बाबांना अजून सांगितलेलं नाही. बघा, आमच्या घरात हा रोगच आहे.

एक माहितीची गोष्ट. आईच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की ब्रेस्टच्या कॅन्सरनंतर काही त्रास नसेल तर वर्षाला मॅमोग्राफी आणि तपासणी पुरे, दर सहा महिन्यांनी पेट करत बसू नका. बाबांनी हट्टाने करून घेतला, मनाच्या समाधानासाठी म्हणून. त्यातून निघालं ते काहीच नव्हतं, पण ते काहीच नाही हे ठरायला पाच आठवडे गेले. आतड्याचं वेगळं असतं, तिथे सीटी शेड्यूलमध्येच असते हे मला माहीत आहे. तरी मध्येच भीतीपोटी एखादा जास्तीचा स्कॅन करावासा वाटला तर आमचे पाच आठवडे आठवा.

लष्कर_ग्वाल्हेर (रविवार, दुपारी ४:४५)

वर सगळ्यांचं चांगलं निघालंय, म्हणून मी लिहायला हवं.

माझ्या बायकोलाही आतड्याचाच. तिच्या फुप्फुसात ५ मिमीचा निघाला, थांबलो, पुढच्या सीटीत ९ झाला आणि शेजारी आणखी एक. म्हणजे तोच होता. पण आतड्याचा कॅन्सर फुप्फुसात गेला म्हणजे सगळं संपलं, असं नेहमी नसतं. एकदोनच असतील आणि दुसरीकडे कुठे नसेल तर ते कापून काढता येतात. तिचे दुर्बिणीने काढले. चौथ्या दिवशी घरी. त्याला आता तीन वर्षं झाली. सगळ्यांच्या बाबतीत असं होतं असं नाही, वॉर्डात शेजारच्या कॉटवरच्यांचं झालं नाही.

ते थांबायचे महिने मला विचाराल तर फार वाईट गेले. झोप उडाली. बायकोची नाही, माझी. ती घोरायची आणि मी तिचा श्वास मोजायचो. शेवटी एका रात्री टेली-मानसला फोन केला, १४४१६, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात. पलीकडच्या मुलीने काही जादू केली नाही, वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि जिल्हा रुग्णालयात कोणाला भेटायचं ते सांगितलं. महिनाभर झोपेसाठी हलकं औषध घेतलं. पुरुषांनी असल्या गोष्टी लिहायच्या नसतात, पण तुमचं ते साबुदाण्यापुढे बसणं वाचून राहवलं नाही.

कॅशकाउंटर_इंदूर (मंगळवार, रात्री ८:१५)

मंडळी, उत्तराला उशीर झाला. घरी थोडी धामधूम होती.

रविवारी सकाळी तुमची उत्तरं वाचायच्या आधीच सगळं बाहेर पडलं. रात्री पट्टी टेबलावरच राहिली होती, दाणा तिच्यावर तसाच. ही चहा घेऊन आली. "हे काय?" म्हटलं, काही नाही. तिने दाणा चिमटीत धरला, उजेडात बघितला, डब्यात परत टाकला, झाकण लावलं.

"कुठे आहे?"

"काय?"

"जे मोजताय ते."

सांगितलं. उजव्या फुप्फुसात, खाली. "एवढाच?" एवढाच. "डॉक्टर काय म्हणाले?" तीन महिने थांबा म्हणाले. मग तिने चहा संपवला आणि दाण्याचं कूट करायला घेतलं. मला वाटलं, झालं, निभावलं. दुपारी दोघांनी खिचडी खाल्ली, वरून फराळी मिक्स्चर, लिंबू. मी दोनदा घेतली. आठवड्यात पहिल्यांदा चव लागली.

खरं भांडण चार वाजता झालं. मंडळाच्या एक बाई पंढरीनाथाच्या दर्शनाला जाता जाता डोकावल्या आणि म्हणाल्या, "इन्फेक्शन कसं आहे आता? बसमध्ये तुमची जागा आम्ही दिली हो दुसऱ्यांना." त्या जाईपर्यंत ही हसतमुख. मग दार लावलं. लग्नाला ३३ वर्षं झाली, असं बोलणं मी ऐकलं नव्हतं. "ठिपका माझ्या फुप्फुसात आहे. माझी जागा सोडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" आणि मग, "केमोत मी एकदाही रडले नाही, कारण तुम्ही मला सगळं खरं सांगत होतात. आता मशीन बिघडलं म्हणून सांगितलंत. उद्या सगळं ठीक आहे म्हणालात तर मी विश्वास कशावर ठेवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बडोद्याच्या ताईंची पोस्ट मी तिला त्या रात्री वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली. वडीपाशी म्हणाली, तुम्ही तर वडीसुद्धा आणली नाहीत.

बसमधली जागा परत मिळवली. ड्रायव्हरशेजारची, पाय लांब करता येत नाहीत अशी. काल मी स्वतः त्या बाईंकडे जाऊन खोटं बोललो होतो हे कबूल केलं, वर दोनशे रुपये प्रसादाला दिले. हिच्या तळपायांना घाटाच्या ओल्या पायऱ्या कळणार नाहीत याची मला काळजी आहे, ती मी या वेळी बोलून दाखवली. मागे पट्टा असलेले सँडल घ्यायचं ठरलं. तेवढ्यावर तोडगा निघाला.

देवासवाले, सीड्यांबद्दल तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तिन्ही गोदरेजच्या कपाटात पॉलिसींच्या फायलीत सापडल्या. एक उघडेना. बाकीच्या दोन घेऊन आज आम्ही दोघं रेडिओलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी शांतपणे बसून बघितलं. डिसेंबरच्या सीडीत त्याच जागी पुसटसं काहीतरी आहे म्हणाले, पण स्लाइस जाड आहे, तोच ठिपका की रक्तवाहिनीचा छेद ते छातीठोक सांगता येणार नाही. म्हणजे पुन्हा जुळलं नाहीच. हिने मात्र त्यांना मला सुचले नसते असे दोन प्रश्न विचारले. यामुळे मला खोकला येईल का? नाही. आणि भजनात वरचा सा लावला तर चालेल का? ते हसले, खुशाल लावा म्हणाले.

वहीत या वेळच्या सीटीपुढे मी अजून खूण केलेली नाही. रकाना मोकळा आहे. हिने पेन्सिलने तिथे साबुदाण्याएवढं एक गोल काढून ठेवलंय.

ग्वाल्हेरवाले भाऊ, तुमचं वाचून आधी पोटात गोळा आला आणि मग का कोण जाणे, बरं वाटलं. नंबर फोनमध्ये टाकून ठेवलाय. झोप अजून येत नाहीये, हिच्याआधी मीच उठून बसतो.

पुढची सीटी तीन महिन्यांनी म्हणजे सप्टेंबरअखेर येत होती. ही म्हणाली, घट बसलेले असताना मी मशीनमध्ये झोपणार नाही, दसरा होऊ दे. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले आठवड्याने काही बिघडत नाही. तेव्हा ६ ऑक्टोबर, सोमवार. डॉक्टरांची वेळ मंगळवारी सकाळी अकराची घेतलीय, दोघांच्या नावाने. काकू, तुमचा नियम पाळला.

सीड्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतोय. आणखी काही तयारी करायची असेल तर सांगा.

आडवा_उभा_छेद (मंगळवार, रात्री ९:०२)

न उघडणारी सीडी त्या सेंटरला परत मागा, त्यांच्या सिस्टीममध्ये असू शकते, पण लवकर मागा, जुना डेटा काही ठिकाणी काढून टाकतात. डाय (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन) देणार असतील तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आठवडाभर आधी करून घ्या. आणि वहिनींना सांगा, डायने अंग गरम होतं, घाबरायचं नाही, आणि आम्ही सांगेपर्यंत श्वास पूर्ण धरायचा. भजन म्हणणाऱ्यांना ते जमतं.